बोलींचा नकाशा

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला आपल्या जिल्ह्याचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. नकाशात त्याचे १४ तालुके दिसतात. गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना या नद्या दिसतात. रस्ते आणि लोहमार्गही दिसतात. मात्र एक गोष्ट त्यात दिसत नाही. ती म्हणजे माणसांचे बोलणे.

अकोले तालुक्यातील डोंगरात राहणारा माणूस आणि जामखेडचा माणूस दोघेही मराठी बोलतात; पण ते अगदी एकसारखे बोलत नाहीत. 'बारा कोसांवर बोली बदलते' असे आपले वाडवडील म्हणत आले आहेत. मग ती नेमकी कोठे बदलते? नद्यांप्रमाणे बोलीसुद्धा नकाशावर दाखवता येतील का?

हाच प्रश्न जर्मनीत गेओर्ग वेंकर या अभ्यासकाला पडला. त्याने १८७६ साली काही साधी वाक्ये तयार केली. हिवाळ्यात उडणारी वाळकी पाने, असे त्यांचे विषय अगदी रोजचे होते. ही वाक्ये त्याने गावोगावच्या शाळामास्तरांना पाठवली आणि 'तुमच्या गावच्या बोलीत ही लिहून पाठवा' अशी विनंती केली. कित्येक शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारून ती लिहिली. पुढे हे काम साऱ्या जर्मनीभर पसरले आणि ४०,००० हून अधिक गावांची उत्तरे जमा झाली. वेंकरने ती नकाशावर मांडली. 'करणे' या अर्थाचा शब्द उत्तरेकडील गावांत 'माकेन' होता, तर दक्षिणेकडे 'माखेन'. या दोहोंमधून एक रेषा काढता आली. शाळेतील मुलांच्या उत्तरांतून भाषेची हद्द सापडली!

आपल्या देशात असे मोठे काम जॉर्ज ग्रिअर्सन या अधिकाऱ्याने केले. १८९८ मध्ये त्याच्याकडे भारतातील भाषांच्या पाहणीचे काम आले. त्याने एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेतली. गोष्ट एकच असल्यामुळे बोलींची तुलना करणे सोपे झाले. मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी कुडाळ, कासारगोड अशा ठिकाणच्या बोली बारकाईने अभ्यासल्या आणि १९६३ पासून त्यांवर पुस्तके लिहिली. २०१७ नंतरच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने महाराष्ट्रातील बोलींची नवी पाहणी केली. अभ्यासक गावोगावी गेले. त्यांनी स्त्री-पुरुषांना, वृद्धांना आणि तरुणांना तेच तेच प्रश्न विचारले आणि उत्तरे ध्वनिमुद्रित केली.

अशा पाहणीत किती गमतीच्या गोष्टी हाती लागतात पाहा. पुस्तकात आपण 'मुलगा' वाचतो. कोठे त्याला 'पोरगा' म्हणतात, तर कोठे 'ल्योक'. मालवणी बोलीत तो 'झील' होतो, विदर्भात 'पोट्टा' आणि अहिराणीत 'आंडोर'. आपल्या तोंडी 'डोळा' असतो. विदर्भ-खानदेशातील अनेक गावांत तो 'डोया' होतो.

आता तुमच्या घराकडे वळू. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी दखनी बोलतात. पुस्तकातील उर्दूपेक्षा ती थोडी वेगळी असते. घरी आजी 'नक्को' म्हणते. हा 'नक्को' मराठीतील 'नको' आहे. 'उधरच जाता' यातील 'च' हाही मराठीचाच. उलट, मराठीने उर्दूच्या शेजारी राहून काय घेतले? 'नकाशा', 'जिल्हा', 'तालुका' आणि 'हद्द' हे सारे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. तुम्ही त्यांना नक्शा, जिला, तअल्लुका, हद म्हणून ओळखताच. म्हणजे बोलींचा नकाशा काढायला लागणारे शब्दही दोन्ही भाषांच्या सामाईक घरातले आहेत!

वर्गात एखाद्याने 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले, तर काही मुले हसतात. तो बिचारा पुन्हा तोंड उघडत नाही. मित्रांनो, अर्ज लिहिताना, परीक्षा देताना प्रमाण मराठी आली पाहिजे. ती शिकण्यासाठीच हे पुस्तक आहे. पण बोली म्हणजे चुकलेली भाषा नव्हे. ती एका गावाची, एका घराची खूण आहे. अभ्यासक ज्या शब्दासाठी मैलोन् मैल हिंडतात, तोच शब्द ऐकून आपण हसावे काय?

शिवाय शब्द कायमचे टिकतात असे नाही. पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. तिच्या दोरांना 'नाडा' आणि 'सोंदूर' म्हणत. बैल ज्या उतारावरून चालत, ती 'धाव'. विजेचे पंप आले आणि मोट गेली. तिच्याबरोबर हे शब्दही गेले. आज ते फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. त्यांना विचारणारे कोणी नसेल, तर ते त्यांच्याबरोबरच जातील.

म्हणून आज घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा. वहीत चार शब्द लिहून घ्या. शब्दापुढे गावाचे नाव लिहायला मात्र विसरू नका. नकाशाची सुरुवात तेथूनच होते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेंकरने आपली वाक्ये कोणाला पाठवली?
(आ) ग्रिअर्सनने एकच गोष्ट सगळीकडे का वापरली?
(इ) मोटेचे शब्द का मागे पडले?

२. 'बोली म्हणजे चुकलेली भाषा नव्हे.' हे विधान चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

३. 'नकाशा', 'तालुका' यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द लिहा.

उपक्रम : 'मुलगी', 'विहीर', 'भाकरी', 'इकडे ये' यांसाठी तुमच्या गल्लीतील पाच घरांत काय म्हणतात ते विचारा. प्रत्येक कुटुंबाचे मूळ गाव लिहा आणि जिल्ह्याच्या नकाशावर ते शब्द मांडा.