ॲप काढले, पण परवानगी काढली का?



गेल्या वर्षी दहावीची परीक्षा संपली आणि एका विद्यार्थिनीच्या आई कार्यालयात आल्या. निकालाआधीच बेळगाव, कोल्हापूर, हुबळीच्या क्लासेसचे फोन सुरू झाले होते. समोरच्याला मुलीचे नाव, इयत्ता सगळे ठाऊक. "सर, यादी शाळेने दिली का?" त्यांनी विचारले. आम्ही दिली नव्हती. तरी मान खाली गेली, कारण नावे व फोन क्रमांकांची वर्गयादी व्हॉट्सॲप गटावर आम्हीच टाकली होती.

मग मुलीने वापरलेला आईचा मोबाईल पाहिला. सराव परीक्षेच्या एका ॲपमध्ये ती गूगल खात्याने शिरली होती आणि खात्यातील संपर्कयादी पाहण्यासही तिने होकार दिला होता. म्हणजे मावशी, डॉक्टर, आमचे शिक्षक, सर्वांचे क्रमांक त्यात आले. माहिती नेमकी कुठून फुटली हे कळले नाही. ॲप तिने केव्हाच काढले होते. परवानगी मात्र खात्यात तशीच होती.

हे नीट समजून घ्यावे. 'गूगलने प्रवेश करा' हे बटण दाबले की आपला पासवर्ड ॲपला मिळत नाही. नाव, ईमेल, छायाचित्र मिळते. संपर्क, फाइली यांसाठी ते वेगळे विचारते आणि आपण घाईत 'होय' म्हणतो. भाडेकरू गेला, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली, तसा हा प्रकार. किल्ली परत घ्यायची तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन इतर ॲप व सेवांची जोडणी तोडावी लागते. तरीही आधी नेलेली माहिती त्या कंपनीकडे उरतेच. ती पुसण्याची मागणी कंपनीकडे स्वतंत्रपणे, शक्यतो लेखी करावी.

२०१६ साली व्हॉट्सॲपने वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचे ठरवले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागणारे दोघे विद्यार्थीच होते! पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्यातील अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. (आमचे पदवीचे शिक्षण हिंदीतून झाले. हिंदीत याला 'निजता' म्हणतात. आम्हाला तो शब्द अधिक जवळचा वाटतो.)

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्व बालकेच आहेत. त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे तो सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर पालकांनी थांबावे असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या सीमाभागातील मुलांना तर दुहेरी काम. दहावी कर्नाटकात, अकरावीसाठी कित्येकजण कोल्हापूरला. दोन्हीकडचे अर्ज भरायचे, आणि तेही बहुधा झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या संगणकावर खाते उघडे टाकून येऊ नये, एवढे तरी पाळा.

वर्गयादी गटावर टाकणे आम्ही बंद केले आहे. गुणवंतांच्या नावाखाली पालकांचा फोन क्रमांकही या पत्रकात यापुढे छापणार नाही. विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, फी भरण्याच्या ॲपची कंपनी मुलांची माहिती आणखी कोणास देते, हे तिच्याकडून लेखी घ्यावे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्ष उघडा राहील. पालकांनी मोबाईल घेऊन यावे. जोडण्या कशा तोडायच्या ते नववीची मुले दाखवतील. आमच्या खात्यात अशा अकरा निघाल्या.