प्रॉक्सी-यंत्र व त्यांतील चालू जोडण्या

शाळेच्या संगणकवर्गांत बसलेला विद्यार्थी एखादें संकेतस्थळ उघडतो, तेव्हां आपला संगणक थेट त्या दूरच्या सर्व्हरशीं बोलत आहे, असा त्याचा समज असतो. पुष्कळ शाळांत व कचेऱ्यांत तसें घडत नाहीं. मध्यें एक यंत्र बसविलेलें असतें. विद्यार्थ्याचा संगणक आपली मागणी या यंत्राकडे देतो. तें यंत्र ती मागणी स्वतःच्या नांवानें बाहेर पाठवितें, उत्तर आणवितें व मागणाऱ्याच्या हातीं देतें. बाजारपेठेंत शेतकरी व खरेदीदार यांच्यामध्यें अडत्या असतो, तसेंच याचें काम आहे. दोघेही अडत्याशीं व्यवहार करितात, एकमेकांशीं नव्हे. आणि दोघांचाही हिशेब अडत्याच्या वहींत असतो. या यंत्रास प्रॉक्सी म्हणतात व तोच शब्द आपल्याकडे रूढ झाला आहे.

१९९४ सालीं जिनीव्हा येथें वर्ल्ड वाइड वेबविषयीं पहिली परिषद भरली, तींत आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनीं या योजनेवर निबंध सादर केला. संस्थेच्या संरक्षक भिंतीच्या आंत बसलेल्यांना बाहेरचें जग पाहतां यावें आणि एकदां आणलेलें पान साठवून दुसऱ्यासही देतां यावें, असे दोन हेतु त्यांत होते. पुढें १९९६ सालीं ड्वेन वेसल्स यांच्या हातून स्क्विड नांवाची आज्ञावली तयार झाली. ती विनामूल्य असल्यामुळें आजही पुष्कळ ठिकाणीं वापरली जाते. म्हणून या पाठांत तिचेंच उदाहरण घेऊं.

आतां मुख्य विषय. या यंत्राचा जो रखवालदार असतो, त्याच्यापुढें दोन प्रकारचीं कागदपत्रें असतात, आणि त्यांतील भेद न समजल्यामुळें बरेच घोटाळे होतात. एक म्हणजे नोंदवही, जिला लॉग म्हणतात. व दुसरी म्हणजे चालू जोडण्यांची यादी. नोंदवहींत व्यवहार पुरा झाल्यावरच ओळ उतरते. समजा, एका संगणकावर सकाळीं नऊ वाजतां एक प्रचंड फाइल उतरविण्यास आरंभ झाला व तें काम बारा वाजेपर्यंत चाललें. अकरा वाजतां सर्व वर्ग मंद झाला म्हणून रखवालदारानें नोंदवही उघडली, तर त्या फाइलीचें नांवही तींत सांपडावयाचें नाहीं. ज्यानें सर्व रस्ता अडविला आहे तोच वहींत अदृश्य, आणि ज्यांनीं दोन-दोन पानें पाहून घेतलीं त्यांच्या शेंकडों ओळी! अशा वेळीं वहीवरून दोषी शोधणारा निरपराध्यासच धरील.

चालू जोडण्यांची यादी मात्र त्या क्षणाची स्थिति दाखविते. स्क्विडच्या व्यवस्थापन-पानांत चालू मागण्यांचें एक पान आहे. त्यांत प्रत्येक मागणीपुढें मागणाऱ्याचा पत्ता, मागितलेलें ठिकाण, आतांपर्यंत दिलेले बाइट आणि मागणी किती सेकंदांपूर्वीं सुरू झाली, हें लिहिलेलें असतें. शेवटचे दोन आंकडे एकत्र वाचावे. सेकंद पुष्कळ पण बाइट अगदीं थोडे, तर ती जोडणी बहुधा नुसती वाट पाहत बसलेली आहे; तिनें कोणाचेंही कांहीं बिघडविलेलें नाहीं. सेकंदही पुष्कळ व बाइटही पुष्कळ, तर तेथें खरा भार आहे. हें पान एकदां पाहून थांबूं नये. अर्ध्या मिनिटानें पुन्हां उघडावें व कोणत्या ओळींतील बाइट वाढले तें ताडून पाहावें. नदीची खोली एका दृष्टीक्षेपांत कळेल, पण वेग कळण्यास दोनदां पाहावें लागतें.

या यादींत नवशिक्यास आणखी एक भूल पडते. लिनक्स यंत्रावर जोडण्या मोजण्याच्या आज्ञा आहेत, त्यांच्या उत्तरांत प्रत्येक जोडणीची अवस्था लिहिलेली असते. एस्टॅब्लिश्ड म्हणजे जोडणी जिवंत आहे. टाइम-वेट म्हणजे जोडणी संपली, परंतु मागें राहिलेला एखादा तुकडा उशिरां आला तर गोंधळ होऊं नये म्हणून तिचें नांव ६० सेकंद राखून ठेविलें आहे. सर्व ओळी सरसकट मोजून ‘हजार लोक जोडलेले आहेत’ असें सांगणारा मनुष्य, स्टेशनांतून निघून गेलेल्या उतारूंनाही फलाटावर उभे धरतो. शिवाय जिवंत जोडणी म्हणजे कामांत असलेली जोडणीही नव्हे. पुढची मागणी लवकर जावी म्हणून जोडण्या कांहीं काळ उघड्या ठेवितात. स्क्विडच्या मूळ रचनेंत रिकामी बसलेली ग्राहकाकडील जोडणी दोन मिनिटें व सर्व्हरकडील एक मिनिट राखली जाते.

विद्यार्थ्यांनीं आतां थोडें गणित करावें. लिनक्सवर एका प्रक्रियेस एकाच वेळीं किती दारें उघडीं ठेवतां येतील, यास मर्यादा असते. पुष्कळ यंत्रांवर मूळ आंकडा १०२४ असतो. समजा, वर्गांत ४० संगणक आहेत आणि प्रत्येकावरील ब्राउझरनें १२ जोडण्या उघडल्या. झाल्या ४८०. परंतु अडत्यास दोन बाजू आहेत : एक दार विद्यार्थ्याकडे, दुसरें बाहेर. म्हणजे दारें झालीं ९६०. स्वतःची नोंदवही व साठा यांसाठीं आणखी कांहीं दारें लागतात. अशा स्थितींत आणखी दोनतीन संगणक आले कीं दारें संपलीं. आणि मग इंटरनेटची वाहिनी निम्मी रिकामी असतांही नव्या मुलाचें पान उघडत नाहीं. पालक कंपनीला बोल लावितात, मुलें संगणकाला लावितात, आणि उपाय मात्र मर्यादेचा एक आंकडा वाढविण्याचा असतो!

दोष सांपडल्यावर काय करावें? कित्येक रखवालदारांचा पहिला उपाय म्हणजे यंत्र बंद करून पुन्हां सुरू करणें. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याची जोडणीही त्यांत तुटते, याची त्यांस कल्पना नसते. स्क्विड बंद होतांना चालू ग्राहकांसाठीं मूळ रचनेंत ३० सेकंद थांबतें. तेवढ्यांत ज्याचें काम आटोपलें नाहीं तो गेला. नियम बदलावयाचा असेल तर यंत्र चालूच ठेवून केवळ नियमांची वही पुन्हां वाचविण्याची रीकॉन्फिगर नांवाची आज्ञा आहे, ती वापरावी. मात्र नवा नियम नव्या मागणीसच लागतो. आधींच उघडलेली गुप्त जोडणी नियम बदलल्यानंतरही वाहत राहते, म्हणून ‘बंदी घातली तरी चालूच आहे’ असें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. विकत मिळणाऱ्या कांहीं यंत्रांवर, उदाहरणार्थ प्रॉक्सी-एसजीवर, यादींतील एकच ओळ निवडून ती जोडणी तोडण्याची सोय असते. माझें मत असें कीं, तोडण्यापेक्षां वेगास लगाम घालणें बरें. स्क्विडमध्यें डिले-पूल म्हणून जी व्यवस्था आहे, तिनें प्रत्येकाचा वांटा ठरवून देतां येतो, व मोठी फाइल हळूहळू का होईना पण पुरी होते.

येथवर यंत्राविषयीं झालें. पुढील भाग पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. नोंदवहींतील ओळ कोणा मुलाचें नांव सांगत नाहीं. प्रवेशाच्या वेळीं नांव व परवलीचा शब्द विचारण्याची व्यवस्था नसेल, तर नांवाच्या जागीं नुसती आडवी रेघ असते, आणि उरतो तो संगणकाचा पत्ता. हे पत्तेही बहुधा आपोआप वांटले जातात. सकाळीं एका संगणकाकडे असलेला पत्ता दुपारीं दुसऱ्याकडे जाऊं शकतो. त्यांतून एक पान उघडलें कीं तें पान स्वतःच जाहिरातींचीं व चित्रांचीं कितीतरी ठिकाणें मागवितें. तीं सर्व नांवें वहींत उतरतात, मुलानें तीं पाहिलेलींही नसतात.

वेळेचेंही तसेंच. स्क्विड आपली वेळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत लिहितें. १७००००००००  हा आंकडा घ्या. जागतिक प्रमाणवेळेनें तो १४ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं १० वाजून १३ मिनिटें २० सेकंद होतो. आपल्या घड्याळानें त्यांत साडेपांच तास मिळविले कीं १५ नोव्हेंबरची पहांट, ३ वाजून ४३ मिनिटें २० सेकंद. बालदिनाच्या रात्रीं वसतिगृहांत जागा असलेला मुलगा आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे आपोआप चालू झालेलें संगणकाचें अद्ययावतीकरण, यांतील अंतर एवढ्याशा बेरजेंत आहे. ही बेरीज न करितां एखाद्या मुलास मुख्याध्यापकांपुढें उभें करणें हा सरळ अन्याय होय.

अशी वही सत्तेच्या हातीं किती मोठें साधन होते, याचें उदाहरण सीरिया देशांत पाहावयास मिळालें. २०११ सालीं तेथील सरकारच्या सात ब्लू कोट यंत्रांच्या नोंदवह्या टेलिकॉमिक्स या गटानें उघड केल्या. अभ्यासकांनीं त्या सुमारें ६०० गिगाबाइट नोंदी तपासून २०१४ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांत दिसलें कीं, बंदीचे नियम कांहीं ठिकाणीं नुसत्या शब्दांवर बेतलेले होते आणि प्रॉक्सी हा शब्दच निषिद्ध होता. परिणाम असा कीं, ज्यांच्या पत्त्यांत हा शब्द सहज येतो अशा फेसबुकच्या व गूगल टूलबारच्या निरुपद्रवी मागण्याही अडल्या. ब्लू कोटचीं यंत्रें सीरियास पोंचविल्याबद्दल दुबईच्या एका वितरकास अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानें २०१३ सालीं २८ लक्ष डॉलरांचा दंड केला. नोंदी उघड करणाऱ्यांनीं ग्राहकांचे पत्ते आधीं झांकले होते, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. नाहीं तर सरकारच्या वहीनें जें झालें नसतें तें या प्रकाशनानें झालें असतें.

आपल्या शाळांचें यंत्र काय पाहूं शकतें, असें पालक विचारतात. कुलूपाच्या चिन्हाच्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या, संकेतस्थळाशीं मुलगा बोलत असेल, तर साध्या प्रॉक्सीस ठिकाणाचें नांव, वेळ व बाइट एवढेंच कळतें. आंतील मजकूर कळत नाहीं. परंतु शाळेनें संगणकावर आपलें स्वतःचें प्रमाणपत्र बसवून ती जोडणी मध्यें उघडण्याची व्यवस्था केली असेल, तर मजकूरही कळूं शकतो. त्यांत बँकेचा परवलीचा शब्दही आला. म्हणून मुलाच्या किंवा स्वतःच्या फोनवर असें प्रमाणपत्र बसविण्यास कोणीं सांगितल्यास, तें कशासाठीं व कोणतीं ठिकाणें त्यांतून वगळलीं आहेत, हें पालकांनीं अवश्य विचारावें. शाळेनेंही त्यांत अपमान मानूं नये.

दुसरा प्रश्न विचारावयाचा तो वही किती दिवस ठेवितां हा. स्क्विडच्या मूळ रचनेंत जुन्या दहा वह्या राखल्या जातात. पालटण्याची आज्ञा मात्र कोणी तरी द्यावी लागते. ती रोज रात्रीं एकदां दिली, तर दहा दिवसांमागील दप्तर उरत नाहीं, आणि मुळींच दिली नाहीं, तर डिस्क भरेपर्यंत एकच वही वाढत राहते.