स्तनाग्रातील स्राव : औषधयोजनेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहाव्या अध्यायात विसर्प व नाडी यांच्यासमवेत स्तनरोगांचे विवेचन आहे. कन्यावस्थेत स्तनाश्रित धमन्यांची द्वारे संवृत असतात, गर्भिणी व प्रसूता यांच्यात ती स्वभावतः विवृत होतात, असे आचार्य तेथे सांगतात. म्हणूनच गर्भिणी वा प्रसूता नसलेल्या स्त्रीस स्राव होत असेल, तर ही द्वारे आज का उघडली, हा प्रश्न औषधाच्या आधी यावयास हवा.

सुमारे बारा वर्षांपूर्वी 44 वर्षे वयाची एक रुग्णा माझ्याकडे आली. उजव्या बाजूस कपड्यावर तांबूस डाग पडत. वेदना नव्हती, हातास गाठ लागत नव्हती. रक्तपित्ताच्या दृष्टीने विचार करून मी वासा व उशीरासव यांची योजना केली. तीन आठवड्यांत डाग थांबले. रुग्णा आनंदित, वैद्यही समाधानी. पाच महिन्यांनी डाग पुन्हा दिसले, तेव्हा तिला शल्यचिकित्सकांकडे पाठविले. स्तन्यवाही नलिकेतच सीमित असलेला कर्करोग निघाला. शस्त्रकर्म वेळेत झाले व ती आज कुशल आहे. परंतु ते पाच महिने माझ्या औषधाने नव्हे, सुदैवाने निभावले. असा स्राव चिकित्सेविनाही मधूनमधून थांबतो, हे मी ध्यानी घेतले नव्हते.

दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून, केवळ दाबल्यावर येणारा पिवळसर वा हिरवट स्राव बहुधा सौम्य कारणाचा असतो. रुग्णेने तो वारंवार दाबून पाहू नये. दाबण्यानेच तो चालू राहतो. एकाच बाजूस, एकाच छिद्रातून, आपोआप येणारा रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव मात्र सोनोग्राफी, मॅमोग्राफी आदी तपासण्यांविना सोडू नये. नलिकेतील निरुपद्रवी मोडासारखी वाढ हेच याचे अधिक वेळा कारण असते. तथापि तिचा व कर्करोगाचा भेद नाडीने वा बोटांनी होत नाही. काळसर स्राव पांढऱ्या गॉजवर टिपावा, तांबूस छटा दिसल्यास रक्त समजावे. सोबत गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, अथवा विचर्चिकेसारखा दिसणारा पण लेपाने न भरणारा चट्टा असल्यास विलंब नको. पुरुषात तर कोणताही स्राव तपासावाच.

दोन्ही बाजूंनी दुधासारखा स्राव असेल तर प्रथम गर्भधारणा पाहावी, नंतर चालू औषधे. येथे औषधविक्रेत्या बंधूंचे साहाय्य मोलाचे आहे. डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड, तसेच मनोविकारावरील रिस्पेरिडोन ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवितात. आम्लपित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये यांपैकी एखादे मिसळलेले असते व रुग्णेस ते ठाऊक नसते. वेष्टनावरील बारीक अक्षरे तिला वाचून दाखवावीत. मनोविकारावरील औषध मात्र परस्पर बंद करू नये. शतावरी कल्प ‘टॉनिक’ म्हणून चालू असल्यास तो थांबवावा. स्तन्यजनन द्रव्य येथे कशास हवे? यानंतर टीएसएच व प्रोलॅक्टिन या तपासण्या कराव्यात. पाळी थांबली असून डोकेदुखी वा दृष्टिदोष असेल, तर पीयूष ग्रंथीच्या वाढीचा संशय घ्यावा.

नवजात बालकाच्या स्तनातून येणारे दुधाचे थेंब मातेच्या संप्रेरकांमुळे असतात व काही आठवड्यांत आपोआप थांबतात. न्हाऊ घालताना ते पिळून काढण्याची रीत अद्याप आढळते व त्यातून गळू होते. बाळंतकाढा नेण्यास येणाऱ्या आजींना हे दुकानातच सांगता येईल.