जिभेखालची गोळी : हृदयविकारावरील औषधे समजून घेताना

रक्ताभिसरणाचा धडा सुरू होता. रोहण्याची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझे आबाजी वावरात जाताना खिशात गोळी ठेवतात. छातीत कळ आली की जिभेखाली धरतात. गिळत का नाहीत?" पुस्तकात याचे उत्तर नव्हते.

ती गोळी बहुधा सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच निकामी करते. जिभेखालच्या पातळ त्वचेतून मात्र ती सरळ रक्तात उतरते. शिरा सैल होतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. रक्तदाबही उतरतो, म्हणून गोळी बसूनच घ्यायची. उभ्याने घेतली तर भोवळ येऊन पडायचीच वेळ. या औषधाचे भाऊबंद नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट केला. पुढे त्यालाच हृदयदुखीसाठी डॉक्टरांनी ते लिहून दिले! हे सांगितले की वर्ग जागा होतो.

आता खरा मुद्दा. चालताना दुखते, थांबले की राहते, ती अंजायनाची कळ : रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. झटक्यात त्याच जागी रक्ताची गुठळी बसून वाट पूर्ण बंद होते आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. तिथे सॉर्बिट्रेट पुरत नाही. अॅस्पिरिन चावून खायला सांगतात, कारण ती लवकर रक्तात जाते आणि गुठळी वाढू देत नाही. पण असलेली गुठळी ती विरघळवत नाही. (ज्यांना अल्सर, रक्तस्राव किंवा अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.) गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज दवाखान्यातच, शिरेतून देतात. पहिल्या काही तासांत दिले तरच खरा उपयोग, बारा तासांनंतर फारसा नाही. आपल्याकडे हे तास "गॅस झाला असेल" म्हणत ओवा-सोडा घेण्यातच जातात. गोळीने पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ लावायचा. रोहण्याहून आर्वी काय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय काय, रस्त्यात वेळ जातोच.

स्टॅटिन, मेटोप्रोलॉल या रोजच्या गोळ्या. बरे वाटते म्हणून लोक त्या परस्पर बंद करतात; मेटोप्रोलॉल एकदम सोडले तर कळ उलट वाढू शकते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आबाजींच्या पट्टीवरची तारीख वहीत लिहून आणली. मुदत संपून वर्ष झाले होते.