सुसान्नेची कोंडी

हा पाठ वाचण्यापूर्वी दानीएलाच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय वाचावा. आपल्यापैकी पुष्कळांच्या पवित्र शास्त्रात हा ग्रंथ बाराव्या अध्यायातच संपतो. त्यांनी एखाद्या कॅथॉलिक स्नेह्याकडून बायबल मागून घ्यावे.

बाबेलातील सुसान्ना बागेत स्नानास जाते. न्यायाधीश म्हणून नेमलेले दोन वडील तेथे लपलेले असतात. आम्हांस वश हो, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराची साक्ष देऊ, असे ते तिला धमकावतात. तेव्हाचा तिचा उद्गार (वचन २२) भाषांतरकाराची परीक्षा पाहणारा आहे. त्यातील ‘स्तेना’ हा ग्रीक शब्द मुळात अरुंद जागेचा वाचक. तीन अरिष्टांतून एक निवडण्याचा प्रसंग दाविदावर आला, तेव्हा त्याच्याही मुखी प्राचीन ग्रीक भाषांतराने हाच शब्द घातला आहे (२ शमुवेल २४:१४). नुसते ‘संकट’ म्हटले की ती अरुंद जागा हरवते. मला आपला ‘कोंडी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो.

चित्रकारांचे लक्ष या वचनाकडे क्वचितच गेले. तिन्तोरेत्तोची सुसान्ना तर बागेत निवांत आरसा पाहत बसली आहे! परंतु १६१० साली रोममध्ये आर्तेमिझिया जेन्तिलेस्की या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हाच प्रसंग रंगविला, आणि त्यातून बागच काढून टाकली. राहिला एक दगडी बाक आणि त्यामागची दगडी भिंत. भिंतीवरून दोघे पुरुष ओणवले आहेत. एकाचे बोट ओठांवर आहे. सुसान्ना तोंड फिरवून दोन्ही हात आडवे धरते. तिला सरकायला जागा नाही. ग्रीक न शिकलेल्या त्या मुलीने ‘स्तेना’चा अर्थ नेमका रेखाटला, असे मी म्हणेन. चित्रावर तिची सही आहे; तरीही ते तिच्या पित्याचे असावे, असा संशय अभ्यासक दीर्घकाळ घेत राहिले.

पुढच्याच वर्षी आगोस्तीनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. चित्र आधीचे आहे, म्हणून त्यात तिचे आत्मचरित्र शोधणे बरोबर नाही. मात्र १६१२ च्या खटल्याची नोंद या अध्यायाशेजारी ठेवून वाचावी. दानीएलाने त्या दोघा वडिलांना वेगवेगळे करून प्रश्न विचारले, म्हणजे परीक्षा आरोप करणाऱ्या बलवंतांची घेतली. रोमच्या न्यायालयाने बोटांभोवती दोऱ्या आवळल्या त्या आर्तेमिझियाच्या. तिने जबानी बदलली नाही. तास्सी दोषी ठरला.

१६१६ साली फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीने तिला सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. मृत्यूनंतर मात्र तिचे नाव मागे पडले. १९१६ साली रोबेर्तो लोंगी यांनी तिच्यावर लेख लिहिला, १९७६ च्या लॉस एंजेलिस येथील स्त्री-चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे मांडली गेली, आणि शोध सुरू राहिला.

२०२३ साली इंग्लंडच्या राजसंग्रहातील आणखी एक ‘सुसान्ना’ तिची असल्याचे जाहीर झाले. राणी हेन्रिएट्टा मारिया हिच्यासाठी रंगविलेले हे चित्र हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या कोठारात ‘फ्रेंच शैली’ एवढ्याच नोंदीखाली काळवंडून पडले होते. ते स्वच्छ करताना कापडाच्या पाठीवर राजा पहिला चार्ल्स याच्या संग्रहाची ‘सी. आर.’ ही मुद्रा सापडली.