शरणपूरचे रहिवासी

शास्त्रपाठ : गणना ३५:९-१५, १ शमुवेल ४:१९-२२

उज्जैनच्या मंडळीला नाशिक परके नाही. सिंहस्थाचा मेळा क्षिप्रेच्या काठी भरतो तसा तो गोदावरीच्या काठीही भरतो. परंतु त्याच नाशिकला लागून शरणपूर नावाचे एक लहानसे ख्रिस्ती गाव वसले होते आणि तेथे वाढलेल्या मुलांनी आफ्रिकेत मोठी कामगिरी केली, ही गोष्ट आपल्या शब्बाथशाळेत क्वचितच सांगितली जाते. या महिन्याचा पाठ त्या गावाविषयी आहे.

गावाचे नाव पवित्र शास्त्रातले. जिवाच्या भीतीने पळत आलेल्याला आसरा मिळावा म्हणून इस्राएलात सहा शरणपुरे नेमावीत, अशी आज्ञा मोशेला झाली होती. ही कल्पना पुढेही ठिकठिकाणी जिवंत राहिली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील ल शांबाँ या डोंगराळ खेड्यातील प्रॉटेस्टंट मंडळीने आपले पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्यामागे उभे राहून पळून आलेल्या ज्यू लोकांना घराघरांतून लपविले. त्या लोकांच्या पूर्वजांचा स्वतःच्या विश्वासाकरिता छळ झालेला होता. त्यामुळे दार वाजले की काय करावयाचे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

शरणपूर वसविले ते चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी, १८५० नंतरच्या दशकात. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेल्यांना तेथे राहावयास जागा व हाताला काम मिळे. पुढे १८६० च्या सुमारास आफ्रिकन मुलांचा आश्रमही तेथे आला. अरब व्यापारी गलबतांतून गुलाम नेत असत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी ती गलबते पकडली म्हणजे सुटलेली पुष्कळ मुले मुंबईच्या किनाऱ्यावर उतरविली जात. त्यांतील कित्येक शरणपुरास आली. लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण त्यांना मिळाले. बाप्तिस्म्याच्या वेळी नावे मात्र इंग्रजी दिली गेली. मुलाचे सर्वस्व लुटले गेल्यावर त्याच्याजवळ आईबापांनी ठेवलेले नाव तेवढे उरलेले असते. तेही बदलावे, हे मला काही बरे वाटत नाही.

१८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा शरणपूरची काही मुले त्यांच्याबरोबर होती. त्यांच्याविषयी डॉक्टरसाहेबांनी आपल्या रोजनिशीत आळशीपणाच्या कडक तक्रारी लिहिल्या आहेत. त्यांपैकी काहींनी साथ सोडली, हे खरे. पण एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत टिकला. १८७२ साली त्यांच्या मदतीसाठी नाशिकहून आणखी सहा जण गेले : जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, आणि रिचर्ड व बेंजामिन रतन.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. पहाटे ते खाटेशी गुडघे टेकलेल्या स्थितीत आढळले. बरोबरच्या लोकांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. दफनविधी वाचणार कोण? जेकबने तो वाचला, झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली आणि डॉक्टरांच्या सामानाची यादी लिहून ठेवली. शरणपूरच्या शाळेत शिकलेले वाचन त्या रानात असे उपयोगी पडले.

मग मीठ लावून उन्हात वाळविलेला देह झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून ही मंडळी समुद्राकडे निघाली. अंतर हजार मैलांहून अधिक. वाटेत लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला व देह तेथेच पुरा म्हणाला. त्यांनी ऐकले नाही. पुढे एका मुलखातील लोक प्रेत आपल्या हद्दीतून नेऊ देईनात, तेव्हा खोटे गाठोडे करून परत पाठविल्याचा देखावा केला व खरा देह कापडाच्या गठ्ठ्याच्या रूपाने पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरास पोहोचले. तेथे त्यांना मजुरी देऊन निरोप देण्यात आला! देहाबरोबर इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत तो होता.

पुस्तकांतून या प्रवासाचे श्रेय सूसी व चुमा यांना मिळते, आणि ते त्यांचे हक्काचे आहे. म्होरके तेच होते. चुमा शरणपूरचा, असे कोठे वाचावयास मिळाले तर शिक्षकांनी दुरुस्त करून घ्यावे. तो मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता.

शरणपूरचे दुसरे दोघे रहिवासी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर. हे १८६४ मध्येच मोंबासाजवळील राबई येथे मिशनच्या कामासाठी गेले व १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांच्या हातून त्यांना दीक्षा मिळाली. त्याच वर्षी जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेला लागले. बिशप त्यांना अर्ध्या वाटेवर तळ देऊन पुढे गेले आणि मारले गेले. जोन्सनी उरलेल्या माणसांना सांभाळून परत आणले. राबईत शिरताना त्यांच्या पुढे निळे निशाण होते आणि त्यावर एकच शब्द होता : ईखाबोद. कोणाला काही विचारावे लागले नाही. एलीच्या सुनेने मरताना आपल्या बाळाला दिलेले हे नाव वर्गात वाचून दाखविल्यावर मग ही गोष्ट सांगावी. मोठ्या मुलांना ती लगेच समजते.

१८७५ साली प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वसाहत उभारली, आणि नाशिकचे पुष्कळ आफ्रिकन ख्रिस्ती तेथे जाऊन राहिले. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम त्यानंतर उरला नाही. नाशिकमध्ये आज शरणपूर रोड म्हणून मोठा रहदारीचा रस्ता आहे.

त्या सहांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन पुष्कळ वर्षे जगला. तो १९३५ साली मोंबासा येथे वारला. त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव चेंग्विंबे असे होते.