टेपमधील आवाज बदलला, तो का?

तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना टू-इन-वन असेल आणि शेजारच्या डब्यात कॅसेट असतील. एखाद्या कॅसेटवर आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या असतील. मराठवाड्यातील अशा ओव्यांचे शब्द कागदावर उतरविता येतात; चाल मात्र आवाजातच राहते. म्हणून अशी कॅसेट संगणकात उतरवून घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. पण यंत्र सुरू केले आणि आजीचा आवाज लहान मुलीसारखा चिरका किंवा पुरुषासारखा घोगरा आला तर? त्याच वेगाने नक्कल केली तर पुढच्या पिढीला तोच खोटा आवाज खरा वाटेल. तेव्हा आधी दोष शोधू या.

कॅसेट 1963 साली फिलिप्स कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यातील फितीचा वेग सेकंदाला 4.76 सें.मी. ठरलेला आहे. हा वेग कोण राखतो? फीत गुंडाळणारे चाक नव्हे. फीत गुंडाळली जाते तसा गुंडाळीचा घेर वाढतो, म्हणून ते चाक हळूहळू मंद फिरावे लागते. वेग ठरविते ती कॅपस्टन नावाची बारीक पोलादी दांडी. रबरी पिंच रोलर फितीला या दांडीवर दाबून धरतो. समजा, दांडीचा व्यास 2 मि.मी. आहे. मग तिचा परीघ 0.628 सें.मी. झाला. 4.76 ला 0.628 ने भागा. दांडी सेकंदाला सुमारे 7.6 फेरे घेते. या दांडीवर मळाचा 0.02 मि.मी. जाडीचा थर सर्व बाजूंनी बसला तर व्यास 2.04 मि.मी. होतो, आणि वेग 2 टक्क्यांनी वाढतो!

आता वेग मोजू या. बाजारातून घेतलेली गाण्याची एक कॅसेट घ्या आणि त्याच ध्वनिमुद्रणाची प्रत मोबाइलवर मिळवा. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचा वेळ दोन्हींवर मोजा. मोबाइलवर 300 सेकंद आणि टेपवर 282 सेकंद भरले, तर 300 ÷ 282 = 1.064. म्हणजे यंत्र 6.4 टक्के वेगाने धावते. हार्मोनियमवर शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्येत सुमारे 6 टक्के फरक असतो. म्हणून पांढरी एकमध्ये गायिलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येईल. विकतच्या कॅसेटही थोड्या चुकीच्या असू शकतात; म्हणून दोनतीन कॅसेटवर मोजून सरासरी घ्या.

वेग एकसारखा चुकत नसून आवाज हेलकावे घेत असेल, तर घड्याळ हाती घ्या आणि दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. जो भाग वाकडा किंवा मळका, त्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक हेलकावा येतो. पिंच रोलरचा व्यास 12 मि.मी. असेल तर परीघ 3.77 सें.मी. आणि एका फेऱ्याला 0.8 सेकंद लागतो. म्हणजे दहा हेलकावे 8 सेकंदांत आले, तर संशय रोलरवर. एक हेलकावा दीड ते सव्वातीन सेकंदांचा असेल आणि फीत पुढे जाईल तसा हा काळ बदलत असेल, तर दोष गुंडाळीच्या चाकांत किंवा खुद्द कॅसेटमध्ये. आवाज भराभर थरथरत असेल तर कॅपस्टन तपासा.

दुरुस्तीचा क्रम मात्र चुकवू नका. प्रथम दुसरी कॅसेट लावून पाहा. घट्ट झालेली कॅसेट पेन्सिलीने पुढेमागे फिरवून मोकळी करा. सेलवर यंत्र चालत असेल तर सेल नवे घाला. उतरलेल्या सेलवर मोटर मंदावते. नंतर विजेची जोडणी काढून, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कॅपस्टन पुसा. रोलर साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. रोलर कडक आणि चकचकीत झाला असेल तर तो घसरतो, बदलणेच बरे. मग बेल्ट पाहा. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला रबरी बेल्ट सैल होतो, कधी डांबरासारखा चिकट होतो. सैल बेल्ट घसरला की आवाज घोगरा होतो.

सर्वांत शेवटी मोटर. पुष्कळ मोटरींच्या पाठीमागे लहान छिद्र असते आणि आतील स्क्रू फिरवून वेग कमीजास्त करता येतो. पुष्कळजण हाच स्क्रू आधी फिरवितात. त्याने सैल बेल्टचा दोष तात्पुरता झाकतो इतकेच. बेल्ट घसरतच राहतो. हे काम शिक्षकांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली करा.

एक शंका उरते. मूळ ध्वनिमुद्रणच उतरलेल्या सेलवर झाले असेल तर? तेव्हा फीत हळू सरकली असणार. आता योग्य वेगाच्या यंत्रावर तो आवाज चिरका येईल की घोगरा? विचार करा. अशा वेळी फितीवर साथीची हार्मोनियम असेल, तर तिचा स्वर खऱ्या हार्मोनियमशी ताडून पाहता येतो. एकसारखी चूक संगणकावर गुणोत्तराने सुधारता येते. हेलकावे काढणे फार कठीण.

आणि आजीची कॅसेट? ती यंत्राच्या परीक्षेसाठी कधीच वापरू नका. बिघडलेला रोलर फीत गुंडाळून चघळतो. टाकाऊ कॅसेट तासभर नीट वाजली, वेळ बरोबर भरला, की मगच ती लावा.